टॅपेट कधी चेक करायचे: मॅन्युअलचा आकडा, मेकॅनिकचा कान आणि फीलर गेज

बाईकच्या मॅन्युअलमध्ये शेवटी शेवटी मेंटेनन्सचा एक तक्ता असतो. ऑईल, एअर फिल्टर, प्लग, चेन अशा ओळी असतात आणि त्यातच कुठेतरी वॉल्व्ह क्लिअरन्सची (म्हणजे टॅपेटच्या गॅपची, वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधल्या फटीची) एक ओळ असते, जी नव्वद टक्के लोक वाचत नाहीत. ऑईल बदल म्हणून कुणाला सांगावं लागत नाही, पण टॅपेटचं नाव काढलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आवाज येतोय का, नाही ना, मग चालू गाडीला कशाला बोट लावताय. दुसरी दर सर्व्हिसला 'भाऊ, टॅपेट टाईट करून द्या' म्हणून सांगते आणि गाडी गप्प झाली की खूश. माझ्या मते दोघांचंही चुकतंय, आणि दुसऱ्या पार्टीचं जास्त चुकतंय.

मला काय वाटतं ते आधीच सांगून टाकतो, ज्याला घाई आहे त्याने इथेच थांबलं तरी चालेल. पहिले दोन चेक मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरलाच करा, दोन्ही वेळेला गॅप किती निघाला ते लिहून ठेवा, आणि तिसऱ्यापासून इंटरव्हल ताणायचं की नाही हे त्या आकड्यांकडे बघून ठरवा. आवाजावरून नाही, मित्राच्या गाडीवरून तर अजिबात नाही.

गॅप लागतोच कशाला

कॅम (उंचवटे असलेला दांडा) फिरतो, रॉकर किंवा फिंगर (मधली दाबपट्टी) दाबतो, वॉल्व्ह (इंजिनाचं आत-बाहेरचं दार) उघडतो, स्प्रिंग त्याला परत सीटवर, म्हणजे दाराच्या चौकटीवर, बसवतो. इंजिन तापलं की वॉल्व्हचा दांडा लांब होतो, म्हणून थंड असताना रॉकर आणि वॉल्व्हच्या मध्ये थोडी जागा मुद्दाम सोडलेली असते. थोडी म्हणजे किती, तर बहुतेक छोट्या इंजिनांत ०.०५ ते ०.२० मिलीमीटरच्या मध्ये कुठेतरी. डोक्याचा केस साधारण ०.०७ चा धरला तर इनलेटचा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या वॉल्व्हचा) गॅप म्हणजे फार तर एक-दोन केसांची जाडी. एक्झॉस्टचा (जळका गॅस बाहेर सोडणाऱ्याचा) बहुधा थोडा जास्त असतो कारण तो वॉल्व्ह जास्त तापतो.

आता ही जागा कमी-जास्त का होते. इंजिन ५००० आरपीएमला फिरतंय तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला २५०० वेळा सीटवर आपटतोय. ताशी ५० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास, हिशोब करा, तीन कोटी वेळा. इतक्या वेळा ठोके बसल्यावर वॉल्व्हचा काठ आणि सीट दोन्ही थोडं थोडं झिजतं आणि वॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) वर सरकतो. तो वर सरकला म्हणजे त्याची शेपटी रॉकरच्या जवळ आली, म्हणजेच गॅप कमी झाला. दुसऱ्या बाजूला रॉकरचं टोक, स्क्रूची टीप, कॅम हे झिजले की गॅप वाढतो. कुठली झीज जास्त यावर गॅप कुठल्या दिशेने जाणार ते ठरतं. डबल कॅमच्या शिमवाल्या (स्क्रूऐवजी चकतीने गॅप ठरणाऱ्या) इंजिनात वरचे पार्ट कडक असतात, ते फारसे झिजत नाहीत, म्हणून तिथे गॅप बहुतेक वेळा कमीच होत जातो, आणि एक्झॉस्टचा आधी.

गॅप वाढला तर टकटक आवाज येतो, वॉल्व्ह थोडा कमी उघडतो, आपटून बसतो. चांगलं नाही, पण निदान कळतं तरी. गॅप संपला तर काहीच आवाज येत नाही, उलट इंजिन जास्त स्मूथ वाटतं, आणि इथेच घोळ आहे. एक्झॉस्ट वॉल्व्हची बहुतेक उष्णता तो सीटला टेकलेला असतो त्या क्षणात हेडमध्ये जाते. गॅप शून्य झाला की वॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, उष्णता जायला वाट नाही, वरून जळता गॅस त्या फटीतून जोरात बाहेर पडतो आणि वॉल्व्हचा काठ जळायला लागतो. मग हेड उतरवा, वॉल्व्ह टाका, सीट कटिंग करा, लॅपिंग करा, गॅस्केट टाका, आणि हे सगळं कशामुळे तर एक दहा मिनिटांचं फीलर गेजचं (फट मोजायच्या बारीक पात्यांचं) काम पुढे ढकललं म्हणून.

म्हणून जुने मेकॅनिक म्हणतात की टॅपेट वाजले तर चालतील पण गप्प नको. तरीही गिऱ्हाईक आलं की पहिली तक्रार आवाजाचीच, आणि गिऱ्हाईकाला खूश करायचं म्हणून मेकॅनिक गाडी चालू ठेवून, गरम इंजिनावर, कानाने स्क्रू पिळतो. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश, आणि चार-पाच हजार किलोमीटरनंतर 'गाडी गरम झाल्यावर लवकर चालू होत नाही हो'.

आधी तुमच्या गाडीत काय आहे ते बघा

सगळ्या गाड्यांना एकच सल्ला लागू नाही. ढोबळ तीन प्रकार.

स्क्रू आणि चेकनटवाले. स्प्लेंडर, शाईन, पल्सर १५० ही नेहमीची मंडळी, आणि मोठ्या गाड्यांत रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विन (तिथे आठ वॉल्व्ह आहेत त्यामुळे वेळ जास्त लागतो, एवढंच). रॉकरच्या टोकाला स्क्रू असतो, नट ढिला करा, गॅप सेट करा, नट आवळा. घरी जमण्यासारखं काम. ॲक्टिव्हा पण ह्यातच येते बरं का, स्कूटरला टॅपेट असतात हेच बऱ्याच घरांत माहीत नसतं, सकाळी सेल्फवर कुंथत कुंथत चालू होते तेव्हा बॅटरी बदलतात, प्लग बदलतात, टॅपेट मात्र शोरूममधून निघाल्यापासून कुणी उघडलेले नसतात.

शिमवाले. केटीएम ३९०, निन्जा ३००, हिमालयन ४५०, आणि बहुतेक सगळ्या मोठ्या परदेशी गाड्या. इथे स्क्रू नाही, ठराविक जाडीची छोटी चकती असते, गॅप बदलायचा तर चकती बदलायची आणि त्यासाठी बहुतेक वेळा कॅम काढावा लागतो. मोजणं अवघड नाही पण तिथपर्यंत पोचायला टाकी, एअरबॉक्स, काही गाड्यांत रेडिएटरसुद्धा हलवावा लागतो.

तिसरे हायड्रॉलिक. २००९ च्या आसपास आलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि ५०० चं युसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं) इंजिन, हार्लेच्या मोठ्या ट्विन. ऑईलच्या प्रेशरवर गॅप आपोआप जागेवर राहतो, सेटिंग नाहीच. सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक येते कारण रात्रभरात लिफ्टरमधलं (वॉल्व्ह उचलणाऱ्या भागातलं) ऑईल उतरलेलं असतं, ती नॉर्मल आहे. गंमत अशी की अशा बुलेटच्या बिलावर पण 'टॅपेट सेटिंग' लिहिलेलं मी बघितलंय, आणि मालकाने पैसे देऊन थँक्यू पण म्हटलंय.

त्याआधीची कास्ट आयर्नवाली बुलेट म्हणजे वेगळाच मामला. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं, इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनला वर (दोन्ही वॉल्व्ह बंद असतानाची जागा), आणि पुशरॉड (रॉकरला वर ढकलणारी सळई) दोन बोटांत धरून फिरवायची. सहज फिरली पाहिजे पण वर-खाली खेळता कामा नये. फीलर गेज लागतच नाही.

मग इंटरव्हल पाळायचं का

कंपनी तो आकडा कसा ठरवते ते समजून घेतलं की उत्तर सोपं होतं. कंपनीला सगळ्यात वाईट चालवणारा धरावा लागतो, जो थंड इंजिन रेडलाईनला नेतो, एअर फिल्टर झाडतसुद्धा नाही, ऑईल दुप्पट किलोमीटर चालवतो. म्हणून आकड्यात थोडी ढील असते. पण उलटाही जोर असतो, इंटरव्हल लांब दाखवलं की गाडी 'कमी खर्चाची' म्हणून विकली जाते. यामाहा आर१ ला चेक ४२,००० किलोमीटरला आहे. डुकाटीच्या जुन्या डेस्मो (स्प्रिंगऐवजी रॉकरनेच वॉल्व्ह बंद करणाऱ्या) इंजिनांना १२,००० ला करावा लागायचा, आणि त्याच डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये डेस्मो सोडून साध्या स्प्रिंगा घातल्या आणि आकडा ६०,००० वर नेला. म्हणजे आकडा प्रत्येक इंजिनाच्या डिझाईनचा आहे, त्याची तुलना शेजारच्या गाडीशी करून काही उपयोग नाही. आर१ ४२,००० जाते म्हणून माझी सिंगल सिलिंडर पण जाईल हे लॉजिक मी ऐकलंय, त्याला उत्तर काय द्यायचं.

अजून एक, तक्त्यात जे लिहिलेलं असतं ते बहुधा 'चेक' असतं, 'सेट' नाही. चेक केला, गॅप रेंजमध्ये निघाला, तर हात लावायचा नाही, झाकण बंद. दर वेळी उघडलं म्हणजे पिळलंच पाहिजे असं काही नाही.

आता ताणायचं कधी आणि नाही कधी.

पहिला चेक कधीच टाळू नका. नवीन इंजिनात सीट आणि वॉल्व्ह एकमेकांवर बसत असतात, सगळ्यात जास्त बदल त्याच काळात होतो, आणि एखाददुसरी गाडी कारखान्यातूनच रेंजच्या काठावर आलेली असू शकते. गाडी वॉरंटीत आहे तोवर तर वादच नको, उद्या हेडचा क्लेम करायचा झाला आणि सर्व्हिस बुकात ती ओळ कोरी असली की पहिलं बोट तिथेच ठेवतील.

दुसऱ्या चेकला खरी माहिती मिळते कारण आता दोन आकडे हातात आहेत. समजा एक्झॉस्टची रेंज ०.१३ ते ०.१७ आहे. पहिल्या वेळी ०.१६ होता, दुसऱ्या वेळी ०.१५ आला. एका इंटरव्हलमध्ये ०.०१ गेला, खालच्या काठाला अजून ०.०२ बाकी आहे. अशा गाडीला पुढच्या वेळी दीडपट ताणलं तर मला झोप लागेल. तेच जर ०.१६ वरून ०.१४ ला आलं, तर पुढच्या चेकपर्यंत ०.१२ होणार, म्हणजे रेंजच्या बाहेर. ही गाडी ताणायची नाही, उलट आत्ताच शिम बदलून वरच्या बाजूला, ०.१६-०.१७ ला नेऊन ठेवायची. तीच गाडी, तेच मॉडेल, दोन मालकांचे दोन निर्णय, आणि दोन्ही बरोबर. आणि पहिल्या वेळी नुसतं 'ओके' लिहिलं असेल तर यातलं काहीच कळत नाही.

किलोमीटरबद्दल पण एक लक्षात ठेवा. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, फेरे कळतात. पुण्यात हडपसर ते हिंजवडी रोज करणाऱ्याची सरासरी ताशी २० असेल तर १०,००० किलोमीटरला ५०० तास झाले, हायवेवाल्याचे २००. सिग्नलला आयडलवर फेरे कमी पडतात हे खरं, पण हवेशिवाय उभं राहून एअर-कूल्ड इंजिन तापतं ते वेगळंच. वरंधा किंवा ताम्हिणी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ओढत चढणारा, पिलियन आणि पॅनियर लादून लेहला जाऊन आलेला, कधीतरी कूलंट संपून ओव्हरहीट झालेला, एअर फिल्टर धुळीने जाम असताना महिनोन्महिने चालवलेला, ह्यांनी ताणायच्या भानगडीत पडू नये. उलट गाडी सहा महिने शेडमध्ये उभी होती म्हणून टॅपेट चेक करायची गरज नसते, उभ्या गाडीत सीट झिजत नाही. ऑईल बदला, ते वेगळं.

आणि ही लक्षणं दिसली तर इंटरव्हल गेलं खड्ड्यात, लगेच उघडा: थंडीत किंवा गरम झाल्यावर चालू व्हायला त्रास, आयडल खाली पडत जाणं, ट्रॅफिकमध्ये बंद पडणं, हळूहळू पिकअप कमी होणं, सायलेन्सरमध्ये फटफट. ज्या इंजिनात ऑटो डिकॉम्प्रेशन (चालू करताना एक्झॉस्ट वॉल्व्ह किंचित उचलून इंजिन सहज फिरू देणारी सोय) आहे तिथे उलटी गंमत होते, एक्झॉस्टचा गॅप फार वाढला तर डिकॉम्प्रेसर वॉल्व्हला उचलूच शकत नाही आणि स्टार्टर अडकल्यासारखा होतो. लोक नवी बॅटरी आणतात.

स्क्रूवाले टॅपेट घरी कसे करायचे

सामान काय लागतं: फीलर गेज (बारीक पात्यांचा घ्या, ०.०४ पासून सुरू होणारा, कारवाल्यांचा जाड पात्यांचा नको), चेकनटला बसणारा रिंग पाना, स्क्रूच्या चौकोनी डोक्यासाठी टॅपेट की किंवा खाच असेल तर स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, मॅग्नेट कव्हरचं झाकण उघडायला रुंद पट्टी किंवा नाणं, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवायला गोटी पाना, आणि टॅपेट कव्हरच्या नव्या ओरिंगा (रबरी रिंगा). ओरिंगा आधी आणा. जुनी ओरिंग परत लावली की दोन दिवसांत हेडवर ऑईल दिसतं आणि मग तोच माणूस सांगत फिरतो की टॅपेट केल्यापासून गाडी गळते.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. नुसता हात लावून गार लागलं असं नाही, रात्रभर उभी असलेली. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३५ डिग्रीच्या खाली असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याला दुपारी सावलीतसुद्धा हवा ४५ ला असते, म्हणून तिकडच्यांनी हे काम सकाळी सहालाच उरकायचं.

हेडच्या आजूबाजूची जागा आधी साफ करा, ब्रशने, मग फडक्याने. कोकणातून आलेल्या गाडीच्या फिन्समध्ये लाल माती बसलेली असते, झाकण उघडताना तीच कॅमवर पडणार. गरज असेल तर टाकी काढा. प्लग काढून ठेवा म्हणजे क्रँक हाताने हलका फिरेल, भोकात कापड ठेवा.

आता पिस्टन वर आणायचा. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात, मोठं मधलं क्रँकच्या बोल्टसाठी, छोटं वरचं खूण बघायला. स्प्लेंडर-शाईन पद्धतीच्या इंजिनात डावीकडून बघताना क्रँक उलट्या काट्याने फिरवतात, तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघून घ्या. हळूहळू फिरवत छोट्या खिडकीत 'टी' ची रेघ केसवरच्या खाचेसमोर आणा. जवळच 'एफ' ची रेघ पण असते, ती इग्निशनची, तिच्यावर सेट केलं तर सगळं वाया. रेघ जुळली की दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. दोन्ही थोडे थोडे खटखट हलले तर पिस्टन कॉम्प्रेशनला वर आहे, बरोबर जागा. घट्ट असतील तर तो एक्झॉस्टचा फेरा आहे, अजून एक पूर्ण चक्कर फिरवा. दोन्ही फेऱ्यांत एखादा रॉकर घट्टच राहिला तर त्याचा गॅप आधीच संपलाय, मग कॅम स्प्रॉकेटच्या (कॅमच्या दातेरी चाकाच्या) खुणेवरून जागा ओळखा. रेघ चुकून पुढे गेली तर मागे फिरवू नका, ऑटो डिकॉम्प्रेशनवाल्या इंजिनात मागे फिरवल्यावर एक्झॉस्ट किंचित उचललेला राहतो आणि रीडिंग खोटं येतं. पुढेच दोन चक्कर घ्या आणि परत जुळवा.

मोजायची पद्धत. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीच्या बाजूचा इनलेट, सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्ट. समजा इनलेटचा गॅप ०.०८ सांगितलाय. आधी ०.०७ चं पातं घाला, सहज गेलं पाहिजे. ०.०८ चं थोडं घासत जाईल, लोण्यातून नाही आणि खेचाखेचीने पण नाही. ०.०९ जाता कामा नये. लोक एकच पातं घालून 'घासतंय बहुतेक' म्हणतात, पण घासणं प्रत्येकाच्या हाताला वेगळं लागतं, एक खालचं आणि एक वरचं पातं घातलं की अंदाजाचा प्रश्नच उरत नाही. पातं सरळ घाला, वाकडं करून घातलं तर अडकणारच. पात्याला ऑईलचं एक बोट लावा.

सेट करायच्या आधी आहे तो आकडा लिहून ठेवा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

मग चेकनट ढिला करा, पातं आत ठेवूनच स्क्रू हलका टेकवा, स्क्रू तसाच धरून ठेवा आणि नट आवळा. आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत दोन्ही पाती घालून बघा. पहिल्या फटक्यात जमलं तर नशीब, दोन-तीनदा करावं लागतं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने बेताने, ताकद दाखवायची जागा ही नाही, आटे गेले की रॉकर बदलायची वेळ येते. रेंज दिली असेल तर एक्झॉस्ट वरच्या बाजूला ठेवा, थोडा वाजला तर वाजू दे.

झालं की क्रँक दोन पूर्ण चक्कर फिरवून परत 'टी' ला आणा आणि परत मोजा. ह्या दुसऱ्या मोजणीत आकडा वेगळा आला तर पहिल्यांदा रेघ नीट जुळली नव्हती. नवीन ओरिंगा ऑईल लावून बसवा, झाकणं, प्लग, टाकी, सगळं जागेवर. चालू करा, दोन मिनिटं आयडलला ऐका. पहिल्यापेक्षा किंचित जास्त टिकटिक असेल तर घाबरून परत उघडू नका, आधी बहुतेक टाईट होते.

शिमवाली गाडी

इथे मी दोन भाग करतो. मोजणं घरी करता येतं, हात जरा बसलेला असेल तर. शिम बदलणं ज्याने आधी कॅम उतरवलाय अशा माणसाकडे द्या किंवा त्याच्या शेजारी बसून शिका.

मोजताना कॅमचा उंचवटा फिंगरपासून किंवा बकेटपासून (वॉल्व्हवरच्या वाटीपासून) लांब तोंड करून आहे ना ते बघायचं आणि पातं कॅमच्या गोल भागाखाली घालायचं. चार वॉल्व्ह असतील तर कागदावर चार चौकोन काढा, वर इनलेट डावा-उजवा, खाली एक्झॉस्ट डावा-उजवा, आणि समोर दिसतं तसं भरा. सगळे रेंजमध्ये असतील तर फोटो काढा आणि बंद करा.

बदलायचं झालं तर हिशोब साधा आहे: जुन्या शिमची जाडी, त्यात मोजलेला गॅप मिळवा, हवा तो गॅप वजा करा. शिम २.६० ची, गॅप निघाला ०.१०, हवाय ०.१५, तर नवी शिम २.५५ ची. गॅप वाढवायचा तर शिम बारीक, इथे भलेभले उलटं करतात. शिमवर आकडा छापलेला असतो पण तो पुसट झालेला असतो, म्हणून मायक्रोमीटरने मोजायचीच. इनलेट-एक्झॉस्टला एकाच मापाची शिम बसत असेल तर काढलेल्या शिम आपसात बदलून सुद्धा कधी कधी काम भागतं, चारच्या जागी एकच विकत घ्यावी लागते.

कॅम काढताना: टायमिंगच्या खुणांचा फोटो, चेन आणि स्प्रॉकेटवर पेंटचा ठिपका, चेन खाली पडू नये म्हणून तारेने बांधलेली, चेनच्या खड्ड्यात स्वच्छ कापड कोंबलेलं. ती शिम बोटातून निसटून चेनच्या खड्ड्यात गेली की खाली क्रँककेसमध्येच जाते, मग चुंबक घेऊन शोधत बसा, नाही मिळाली तर इंजिन खालून उघडा. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) आधी काढायचा, लावताना आधी आत दाबून लॉक करून मग बसवायचा. कॅम कॅपचे बोल्ट एकदम एक बाजू आवळायची नाही, सगळे थोडे थोडे, आणि टॉर्क पाना इथे हवाच. सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन-तीन चक्कर फिरवून बघा, कुठेही अडकलं तर थांबा, टायमिंग एक दात चुकलं असेल तर हाताने कळतं आणि सेल्फने वॉल्व्ह वाकतो.

सर्व्हिस सेंटरला देताना

गाडी संध्याकाळी ठेवून या, सकाळी थंड इंजिनावर काम करा असं जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि 'वॉल्व्ह क्लिअरन्स चेक' एवढं नको, 'आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून द्यावं' असं लिहा. चांगला टेक्निशियन असेल तर त्याला हे आवडतंच, तो स्वतःहून कागद देतो. एका ठिकाणी मला 'रीडिंग आम्ही देत नाही, ओके असतं' असं सांगितलं होतं, गाडी बघितली तर टाकीखालच्या ज्या बोल्टवर मी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता तो अख्खा होता आणि हेड कव्हरच्या कडेची धूळसुद्धा हललेली नव्हती. बिलात लेबर मात्र पूर्ण. तेव्हापासून ठिपका देऊनच गाडी देतो, दहा रुपयांची बाटली पुरते.

गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडे फीलर गेज आहे का ते आधी विचारा, लाजू नका. आहे पण वापरत नाही असं असेल तर स्वतःचा घेऊन जा. काही जण चिडतात, 'तीस वर्षं कानाने करतोय' म्हणतात. स्प्लेंडरसारख्या गाडीला अशा अनुभवी कानाने केलेलं काम बऱ्याचदा चालून जातं हे मान्य आहे, पण गरम इंजिनावर, चालू ठेवून, आवाज जाईपर्यंत पिळत असेल तर नम्रपणे गाडी घेऊन निघा.

सेकंडहँड गाडी घेताना

मागच्या मालकाला टॅपेट कधी केले विचारलं की उत्तर येतं 'सगळं शोरूमलाच केलंय'. कागदावर आकडे नसतील तर ती गाडी न केलेलीच धरायची, ओडोमीटर काही का म्हणेना. गाडी थंड असताना बघायला जा, आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन चोक किंवा थ्रॉटल न मारता चालू होऊन आयडलवर उभं राहतंय का बघा (जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक माफ), मग दहा-पंधरा मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत चालू करा. गरम असताना दोन-तीनदा सेल्फ मारावा लागला तर एक्झॉस्ट टाईट असण्याची शक्यता धरूनच भाव करा. शिमवाली गाडी असेल आणि पुढचा चेक हजार-दोन हजार किलोमीटरवर आलेला असेल तर त्या कामाचा खर्च जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारून घ्या आणि किमतीतून कापायला सांगा. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात उघडून मोजा, आकडे आणि ओडोमीटर एकाच कागदावर लिहून तो आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवून द्या, मॅन्युअलचं इंटरव्हल तिथून मोजायचं.